चार डोळ्यांचा देव

सरांनी दगडावर हात ठेवला तेव्हा मला आधी एवढंच वाटलं, की ह्या माणसानं बूट काढायला पाहिजे होते. पायात बूट घालून देवाला हात लावतोय. मी तोंडसुद्धा उघडलं होतं, आणि मग लक्षात आलं, हा देव नव्हेच. कराडच्या अलीकडच्या एका गावातली जुनी चावडी, तिच्या भिंतीत बसवलेली चौकोनी पांढरी संगमरवरी पाटी, धुतलेली, वर इंग्रजी अक्षरं काळी भरलेली. आम्ही सांगलीहून आलेले सतरा नंबरचा फॉर्म भरून बाहेरून दहावीला बसलेले लोक, म्हणजे शाळा सुटलेले, वय निघून गेलेले, कुणी रिक्षावाला, कुणी दोन नातवंडांची आजी, असे अर्धगोल करून उभे होतो. इतिहासाचे ऋषिराज सर माझ्यापेक्षा पंधरा-एक वर्षांनी लहान. त्यांनी पाटी वाचून मराठीत सांगितली. ह्या गावातून इतकी माणसं महायुद्धाला गेली, एकोणीसशे चौदा ते एकोणीस. त्यांपैकी इतक्यांनी आपले प्राण दिले. "अशा पाट्या इंग्रज सरकारनं आपल्याकडे बऱ्याच गावांना दिल्या. हे इतिहासाचं भौतिक साधन झालं आणि लिखित साधनही झालं. लक्षात ठेवा, परीक्षेला येतं." सगळ्यांनी लिहून घेतलं. माझी नजर पाटीच्या चार कोपऱ्यांवर होती. प्रत्येक कोपऱ्यात पितळेचा एकेक फुगीर गोल, पाटी भिंतीला धरून ठेवणारा. मी पुढं झाले आणि एका गोलावर बोट फिरवलं. माझी बोटं शिवणाची, वीस वर्षं ब्लाउज शिवणारी, ती कापडाची उलटी बाजू अंधारातही ओळखतात. त्या बोटांनी मला सांगितलं, अंजे, हा डोळा आहे.

आमच्या गावच्या देवाला चार डोळे आहेत. म्हसवडच्या अलीकडं डांबरी सोडून कच्च्या रस्त्यानं गेलं की आमची वाडी, आणि वाडीच्या तोंडाला चारडोळ्याचं देऊळ. भिंतीतला चौकोनी देव, लालभडक, शेंदराचे थर बोटभर जाड, ना नाक ना तोंड, फक्त चार कोपऱ्यांत चार डोळे आणि त्यांच्यावर डकवलेले चांदीचे पत्रे. अमावास्येला त्याला तेल-शेंदूर लावायचा मान आमच्या घराचा. मी परकर सावरत शेंदूर कालवायची आणि बोटानं डोळ्याभोवती गोल काढायची. त्या गोलाची उंची, त्याची कड, कडेला असलेली बारीकशी खाच, सगळं बोटात बसलेलं. लग्न होऊन सांगलीला आले, खणभागात मशीन टाकलं, बोटांनी हजारो गळे कापले आणि शिवले, पण तो गोल बोटातनं गेला नव्हता. तो असा कराडजवळ, परक्या भिंतीवर, उघडा, बिनशेंदराचा भेटला, आणि मी भिंतीला हात टेकून उभी राहिले. शेजारची आजी म्हणाली, "काय गं, चक्कर आली का?" मी म्हणाले, "न्हाई. वळखीचं मानूस दिसलं."

परतीच्या गाडीत सगळे भेळ खात होते. मी खिडकीला डोकं लावून बसले. उसाचे ट्रॅक्टर मागं पडत होते, बाजूला पाणी पिऊन तट्ट झालेली शेतं, आणि माझ्या डोळ्यांपुढं आमचा माळ. नववीत असताना इतिहासाच्या तासाला गुरुजींनी विचारलं होतं, आपल्या गावाचा इतिहास काय सांगाल? मागच्या बाकावरून कुणीतरी म्हणालं, दुष्काळ. वर्ग हसला, गुरुजीही हसले, आणि पुढचा धडा काढला. किल्ला नाही, लढाई नाही, राजा कधी पाणी प्यायला थांबला अशी विहीरसुद्धा नाही. गावाला इतिहास नाही म्हणून आम्ही दुसऱ्यांचा पाठ केला, सनावळीसकट, आणि त्याच वर्षी बापानं मला शाळेतनं काढलं. लोक विचारतात, आता बेचाळिसाव्या वर्षी दहावी कशाला, कोण नोकरी देणार आहे? मी सांगते, मी रागानं बसलेय. नवरा, तानाजी, तोही हसतो. मी त्याला तोंडावर तानाजी म्हणते, त्याच्या आईला ते अजून टोचतं. मला राग कुणाचा? एका माणसाचा असता तर त्याच्याशी भांडून मोकळी झाले असते. तो राग पुस्तकाच्या त्या सगळ्या पानांचा आहे ज्यांच्यावर आमच्यातलं कुणीच नाही. आणि गाडीत बसल्या बसल्या कळत होतं, की आम्ही होतो. आम्ही होतो, तसल्याच एका पाटीवर, आणि आम्हीच आमच्यावर शेंदूर थापत बसलो होतो.

आणि मग पानं आठवली. गाडी इस्लामपूरच्या पुढं आली असेल, आणि मी एकदम ताठ झाले. म्हसवडची रथयात्रा झाली की थोड्या दिवसांनी आमच्या चारडोळ्याची जत्रा असते. दुपारी देवापुढं पळसाची सहा पानं मांडतात. देवाची नव्हेत, देवाच्या गड्यांची. देवाचे सहा गडी शिकारीला लांब गेलेत, ते यायचेत, असं सांगतात. पानावर बाजरीची भाकरी, पिठलं, कांदा आणि एकेक विडी. आमच्या घरातली म्हातारी बाई, आता माझी आत्या अंबूबाई, देवाकडं तोंड करून एकेकाला हाक मारते. "गुंडा आला का?" आणि मागं बसलेल्या सगळ्या बाया एका आवाजात म्हणतात, "वाटंवर हाय!" मग पान ठेवायचं. "धुळा आला का?" "वाटंवर हाय!" नाथाजी, केरू, मायाप्पा. नाथाजीच्या पानावर पिठलं बिनमिरचीचं असतं, त्याला तिखट सोसत नाही म्हणून. धुळाच्या पानावर विडी नसते, तंबाखूची चिमूट असते. लहान असताना मी विचारलं होतं, आत्या, देवाच्या गड्याला पोटदुखी कसली गं? पाठीत धपाटा बसला होता. आता मला धपाटा घालायला कुणी नव्हतं. ज्याला तिखट सोसत नाही तो देवाचा गडी नसतो. तो कुणाच्या तरी पोटचा असतो. त्याच्यासाठी आई वेगळं पिठलं काढून ठेवत असते आणि मग बाकीच्यात मिरची घालत असते.

सहावं पान निराळं. सहाव्याला नाव नाही. आत्या आवाज खाली आणते आणि म्हणते, "आन् आमचं मानूस आलं का?" आम्हाला पोरींना वाटायचं, हा सगळ्यात मोठा गडी असणार, त्याचं नाव घ्यायची सोय नसणार. गाडी सांगलीत शिरेपर्यंत मी त्या एका वाक्याशी झटत होते. मला तानाजी दिसला, त्याची आई दिसली, नाव घेतलं म्हणून आंबट झालेलं तिचं तोंड. आणि समजलं. पाच जणांना आया होत्या. पोराला नावानं हाक मारता येते. सहाव्याला आई उरली नव्हती, बायको होती, आणि नवऱ्याचं नाव तोंडात कसं घ्यायचं? ती देवळात सगळ्यांच्या मागं उभी राहिली असेल, आयांचं झाल्यावर हळूच पुढं सरकली असेल. आमचं मानूस आलं का? शंभर वर्षं तेच वाक्य चाललंय. त्याचं नाव तिच्या तोंडातच राहिलं, तिच्याबरोबर जळून गेलं.

दुसऱ्या दिवशी सरांना सगळं सांगितलं. ते खुर्चीतनं उठूनच उभे राहिले. पोरगा वाईट नाही, इतिहासावर जीव आहे त्याचा. "अंजनाताई, हे फार मोठं आहे! आपण शेंदूर काढू. व्यवस्थित, जाणकार माणूस बोलावून. पाटी उघडी झाली की बातमी येईल, अधिकारी येतील, गावाला लोक बघायला येतील. तुमच्या स्वाध्यायाचा विषय हाच." मी म्हणाले, आणि पानं? नावं? ते परत खुर्चीत बसले. "नावं ही मौखिक परंपरा झाली. त्याला आधार लागतो. पाटी दिसली, तिच्यावर सहा आकडा दिसला, तर तुमची सहा पानं खरी ठरतील. नाहीतर ती गोष्टच राहील." एवढं बोलून ते प्रेमानं हसले. मी मान हलवली. म्हणजे धुळाला तंबाखू आवडत होती हे खरं ठरायला सरकारचा आकडा पाहिजे. ज्या सरकारनं माणसं नेली, आणि बदल्यात आकडा पाठवला, तोही असल्या भाषेत, जी वाचणारा गावात एकही इसम नव्हता. पण माझ्याच्यानं सरांना उलटं बोलवेना, कारण आतून मलाही ती पाटी बघायची होती. लय बघायची होती. बोटं शिवशिवत होती.

म्हणून जत्रेच्या आधी दोन दिवस गावाला गेले. भाऊ नानासो फौजेतनं हवालदार होऊन परत आलेला, अजून पहाटे उठून अंगण परेडसारखं झाडतो. त्याला अंगणातच सांगितलं. तो हातातला खराटा तसाच धरून ऐकत राहिला.

"झालं तुझं?"

"झालं."

"आता माझं ऐक. ह्या गावातली पोरं भरतीला जाताना कुठं नारळ फोडत्यात?"

"चारडोळ्याला."

"मी पण फोडला हुता. वर बर्फात पोस्टवर हुतो तवा डोळं मिटलं की त्येचं चार डोळं दिसायचं मला. त्यो रस्ता बगत बसलाय, आपुन परत जानार, हे पक्कं हुतं डोक्यात. आन् तू म्हनतीस ती मेलेल्यांची पाटी हाय. उद्या पोरास्नी ह्ये कळलं तर? मेलेल्यांच्या आकड्याला नारळ फोडून निगायचं व्हय भरतीला?"

सरांपुढं जे सुचलं होतं ते इथं चालणारं नव्हतं. नानासो खोटं बोलत नव्हता. त्याच्या मानेवरची शीर ताठ झाली होती. म्हणाला, "शिक की तू. नको कोन म्हनतंय. दहावी हो, बारावी हो. पर खुरपं घिऊन देवळात आलीस तर भाऊ म्हनून बगनार न्हाई, सांगून ठेवतो." वहिनीनं आतून चहा आणला आणि दोघांच्या मधोमध ठेवून निघून गेली.

आत्या देवळात होती. उन्हात पाय पसरून पळसाची पानं पुसत बसली होती. मी शेजारी बसले. म्हणाले, "आत्या, हे देऊळ कवाचं गं?"

"देऊळ पाठीमागनं झालं. आदी चावडी हुती म्हनत्यात. ती पडली. देवाची भिंत तेवडी उबी राहिली, मंग तिच्याभवती बांदलं."

"आन् देव कुठनं आला?"

"साहेबानं आनला."

ती पानं पुसतच होती. "माजी आजी सांगायची. साहेब आला घोड्यावरनं, त्येनं बसवला. बायांनी इचारलं, पोरं कवा येनार? साहेब काय बोलला कुनाला कळलं न्हाई. त्येनं दगडाकडं बोट दावलं आन् गेला."

"मग शेंदूर कुनी लावला?"

"आता ते म्या कसं सांगावं? बायांनीच लावला असंल. साहेब म्हनला ह्यो देव, मंग लावायला नगो?"

तिला ह्यात काहीच विशेष वाटत नव्हतं. मी उठून देवापुढं गेले. पणती ठेवायची जागा खाली उजवीकडं, वर्षानुवर्षांच्या धगीनं तिथला शेंदूर फुगून सुटला होता, खपलीसारखा. मी नखानं काही केलं नाही, शपथ. फक्त बोट टेकवलं आणि खपली पडली. आत पिवळट झालेला पांढरा दगड, आणि त्यात कोरलेली तीन अक्षरं. इंग्रजी व्ही, ई आणि एस. कराडजवळच्या पाटीतला शेवटचा शब्द इंग्रजीत लाइव्हज असा होता, प्राण ह्या अर्थाचा, आणि त्याची शेवटची अक्षरं हीच, ह्याच कोपऱ्यात. तो सरांनी नंतर खडूनं फळ्यावर लिहून समजावला होता. मी गुडघ्यावर बसले होते, मागं आत्या पान पुसत होती, आणि माझ्यापुढं शंभर वर्षांचा शेंदूर, दोन हात लांबीचा, मधेच कुठंतरी तो आकडा. ओढणीला शिवणाची छोटी कात्री होती, नेहमी असते. तिचं टोक घातलं असतं तर अख्खा थर सुटला असता. मी कात्री हातात घेतली. खरंच घेतली.

आणि तशीच बसून राहिले. मला त्या बाया दिसायला लागल्या. साहेबाच्या घोड्याची धूळ खाली बसतेय, त्या दगडापुढं उभ्या आहेत. वाचता येत नाही म्हणून त्यांना काही कळलं नसेल, असं मीच सकाळपर्यंत धरून चालले होते, शिकलेली ना मी. पोरगा घरी येत नाही आणि साहेब दगड घेऊन येतो, ह्यातलं न कळण्यासारखं काय आहे? त्यांना कळलं होतं. त्यांतली एक घरी गेली असेल, शेंदूर कालवून आणला असेल, आणि त्या काळ्या अक्षरांवर पहिलं बोट ओढलं असेल. तुझा आकडा तुझ्यापाशी. आमच्या पोराला नाव आहे, त्याला बिनमिरचीचं पिठलं लागतं, आणि तो वाटंवर आहे. असंच झालं ह्याला माझ्याकडं पुरावा नाही. पण माझी छाती इतकी भरून आली, की शाळेत ज्या ज्या राजांची नावं घोकली त्यांतल्या एकासाठीही कधी आली नव्हती. ह्या बायांनी लिहिलाय इतिहास. शाई नव्हती, शेंदूर होता. आणि मी तो खरवडायला निघाले होते, खाली इंग्रजाचं अक्षर नीट दिसावं म्हणून! मी कात्री परत ओढणीला अडकवली. फोन काढून त्या तीन अक्षरांचा फोटो घेतला, कारण सरांनाही काहीतरी दाखवावं लागणार होतं, आणि मी काही देवभोळी नाही. मग कोनाड्यातला शेंदूर तेलात कालवला आणि कोपरा बुजवला. बोटानं, कडेनं, सगळीकडं सारखा.

फोटो पाठवल्या पाठवल्या सरांचा फोन आला. "ताई, हीच ती! आता थांबू नका. आकडा उघडा करा."

मी म्हणाले, "सर, आकडा हाय माझ्याकडं. पाच नावं आन् एक मानूस."

"पण सहाव्याचं नाव शोधायला हवं ना? कुठंतरी नोंद असेल."

"शोधू की. तुम्ही पण शोधा. पण ते सापडेपर्यंत त्याचं जे नाव हाय तेच मी लिहिणार. आमचं मानूस." बोलताना मला त्या बाईचा रागही येत होता. घ्यायचं होतंस की गं नाव, एकदा तरी, भिंतीला तोंड करून, कुणी ऐकत नसताना. कुणाचा धाक होता? माणूसच राहिलं नव्हतं. पण राग येता येता वाटलं, नाव घेतलं असतं तर तो मेला असं तिनं मान्य केल्यासारखं झालं असतं. जित्या नवऱ्याचंच नाव घेत नाहीत.

जत्रेला मी आत्याच्या उजव्या अंगाला बसले. ऊन चांगलंच तापलं होतं. बाहेर पोरं हलगी वाजवत होती. भरतीला निघालेली चार-पाच पोरं, केस बारीक कापलेली, दारात हात जोडून उभी, आणि त्यांच्यापुढं नानासो, जुनी फौजी टोपी घालून, माझ्यावर नजर ठेवून. आत्यानं पदर घेतला. "गुंडा आला का?" "वाटंवर हाय!" माझ्यासुद्धा ओठांवर ते सवयीनं आलं, पण बाहेर पडेना. "धुळा आला का?" "वाटंवर हाय!" तंबाखूची चिमूट पडली. नाथाजी. बिनमिरचीचं पिठलं. केरू. मायाप्पा. प्रत्येक हाकेला बायांचा आवाज भिंतीवर आपटून परत येत होता, आणि मी दात आवळून बसले होते. बोलले तर नानासोचं म्हणणं मोडत होतं, गप्प राहिले तर सहा माणसं आणखी शंभर वर्षं उन्हात चालत राहणार होती. किती चालायचं त्यांनी? कुणीतरी त्यांना घरात घ्यायला नको? मेले म्हणून मी सांगणार नव्हते. ते सरकारनं कधीच सांगितलंय. मग आत्याचा आवाज खाली आला.

"आन् आमचं मानूस आलं का?"

"आलं," मी म्हणाले.

बायांचं "वाटंवर" अर्ध्यात तुटलं. हलगी बाहेर वाजतच होती, ती कुणीतरी थांबवली. नानासोनं एक पाऊल उंबऱ्याच्या आत टाकलं. आत्या माझ्याकडं वळली. तिचे डोळे मोतीबिंदूनं पांढरट झालेले, त्यांत मी तिला किती दिसत असेन कोण जाणे. तिनं हात लांब करून माझं मनगट धरलं.

"आलं म्हनतीस?"

"व्हय आत्या. सगळीच आल्यात. मी बगून आले."

ती मनगट धरून बसली. मग तिनं माझा हात झटकला आणि बायांवर खेकसली, "मंग बसलायसा काय बगत माझ्या तोंडाकडं? लांबनं आल्यात ती. पाय धुवाया पानी द्या की गं!"

एकही बाई हलली नाही. काय करायचं कुणाला ठाऊकच नव्हतं, असं कधी झालेलंच नव्हतं. शेवटी दारातनं नानासो पुढं आला. टोपी काढून त्यानं काखेत मारली, कोपऱ्यातला भरलेला हंडा उचलला, आणि भरतीच्या पोरांना म्हणाला, "ए, तांबे घ्या रं. साही जनास्नी येकेक."